कार्यालयीन नोंदींसाठी कंपायलरची निवड

ग्रामपंचायतीची कर आकारणी यादी, शाळेचे जनरल रजिस्टर, दूध संस्थेच्या सभासदांची खाती आणि सार्वजनिक ग्रंथालयाची दाखल नोंदवही ही कामे वरकरणी निराळी दिसतात. परंतु त्यांची घडण एकच आहे. ठरावीक रकाने आखलेले असतात, प्रत्येक व्यक्तीची, घराची अथवा वस्तूची एक ओळ असते, आणि त्या असंख्य ओळींतून हवी ती ओळ चटकन काढावयाची असते. संगणकाला असे काम उत्तम जमते. यांपैकी बराचसा भाग आता मध्यवर्ती संकेतस्थळांवरून चालतो हे खरे. तथापि ज्या नोंदी केवळ स्थानिक उपयोगाच्या आहेत, किंवा जेथे इंटरनेटचा भरवसा नाही, तेथे एकाच संगणकावर स्वतंत्रपणे चालणारी छोटी आज्ञावली आजही उपयोगी पडते. शिवाय १९८० आणि १९९० च्या दशकांत तयार करून घेतलेल्या आज्ञावलींचा व त्यांतील नोंदींचा प्रश्न उरतोच.

अशी आज्ञावली कोणत्या कंपायलरने तयार करावी, हा निर्णय सामान्यतः ती लिहिणाऱ्यावर सोपविला जातो व कार्यालयप्रमुख केवळ देयकावर सही करतो. ही प्रथा बरी नव्हे. पडद्याची रंगसंगती किंवा अहवालाची मांडणी या बाबी तज्ज्ञावर सोडता येतील. पण आज लिहिलेली नोंद वीस वर्षांनी वाचता येईल किंवा नाही हे ज्या निवडीवर अवलंबून आहे, ती निवड नोंदींच्या रक्षकाने स्वतः समजून घेतली पाहिजे. त्यासाठी प्रोग्रामर होण्याची आवश्यकता नाही.

दुभाषा आणि भाषांतर

माणूस ज्या भाषेत आज्ञावली लिहितो ती यंत्राला थेट कळत नाही. ती कळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात इंटरप्रिटर हा प्रत्येक ओळ त्या त्या वेळी वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि यंत्राकडून ते काम करवून घेतो. सभेत दुभाषा बसवावा तसा हा प्रकार आहे. दुभाषा उठून गेला की सभा थांबते. दुसऱ्या मार्गात कंपायलर संपूर्ण मजकुराचे एकदाच भाषांतर करतो आणि त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. ही प्रत, म्हणजे ‘ईएक्सई’ फाइल, दुसऱ्या संगणकावर नेली तरी चालते. तेथे मूळ भाषेची प्रणाली विकत घेऊन ठेवावी लागत नाही. ‘स्वतंत्र आज्ञावली’ म्हणतात ती हीच.

प्रत्यक्षात ही सीमारेषा इतकी स्वच्छ नसते. नोंदींच्या कामासाठी एके काळी अतिशय लोकप्रिय झालेला क्लिपर हा कंपायलर मूळ मजकुराचे भाषांतर थेट यंत्राच्या भाषेत करीत नसे. तो एका मधल्या भाषेपर्यंत येऊन थांबे, आणि ती मधली भाषा समजणारा भाग त्याच फाइलीत बांधून देई. म्हणजे दुभाष्यालाच सामानाबरोबर पेटीत घालून पाठविण्याचा प्रकार! त्यामुळे अगदी लहान आज्ञावलीची फाइलसुद्धा शंभर किलोबाइटच्या पुढे जात असे. ३६० किलोबाइटची फ्लॉपी वापरली जाई त्या काळात हे ओझे लहान नव्हते. तरीही लोकांनी ते आनंदाने पत्करले. कारण पेटी मिळाली की घेणाऱ्याला आणखी काही विकत घ्यावे लागत नसे.

डीबेसचा परिवार

या सर्व परिवाराचा उगम गमतीदार आहे. अमेरिकेत पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणारे वेन रॅटलिफ यांनी १९७८ मध्ये घरच्या छोट्या संगणकासाठी माहिती साठविणारी एक प्रणाली लिहावयास घेतली. कार्यालयातील सहकाऱ्यांत फुटबॉलच्या निकालांवर लागणाऱ्या पैजा जिंकणे हा त्यामागील मूळ हेतू होता. त्याच प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकावर जेपीएलडिस नावाची प्रणाली चालत असे. तिचा नमुना त्यांच्यासमोर होता. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी ॲश्टन-टेट या कंपनीने ही प्रणाली ‘डीबेस टू’ या नावाने विकावयास काढली. ‘डीबेस वन’ कधी नव्हतेच, आणि कंपनीत टेट होते तरी ॲश्टन नावाचे कोणी नव्हते. ही दोन्ही नावे विक्रीच्या सोयीने ठरलेली होती. १९८४ मध्ये डीबेस थ्री आले आणि आयबीएम पद्धतीच्या पीसीवर नोंदी ठेवण्याचे ते जणू प्रमाण साधन ठरले.

डीबेसची भाषा सोपी होती. थोडे इंग्रजी जाणणारा लिपिकही आठवडाभरात फाइल उघडणे, नोंद शोधणे व यादी छापणे शिकू शकत असे. अडचण एवढीच, की डीबेस हा दुभाषा होता. ज्या यंत्रावर आज्ञावली चालवावयाची तेथे डीबेसची प्रत हवी. ही उणीव हेरून नँटकेट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८५ मध्ये क्लिपर बाजारात आणला. त्याने बनविलेली फाइल कितीही ठिकाणी वाटली तरी कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावे लागत नसे. वर्डटेक कंपनीचा क्विकसिल्व्हर हा कंपायलरही याच काळातला. फॉक्स सॉफ्टवेअरने फॉक्सबेस व नंतर १९८९ मध्ये फॉक्सप्रो काढले आणि वेगाच्या बाबतीत सर्वांना मागे टाकले. मात्र फॉक्सप्रोची आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेताना तिच्याबरोबर रनटाइम फाइलही न्यावी लागे. भारतातील पतसंस्था, लहान कारखाने, शाळा आणि कार्यालये यांच्या कामासाठी ही साधने मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

मग भाषेचा मालक कोण, असा प्रश्न निघाला. ॲश्टन-टेटने १९८८ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा लावला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी ॲश्टन-टेटचा स्वामित्वहक्कच अवैध ठरविला, कारण ही प्रणाली जेपीएलडिसवरून घेतलेली असल्याचे नोंदणी करताना सांगितलेले नव्हते. एप्रिल १९९१ मध्ये त्याच न्यायाधीशांनी आपला निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने ॲश्टन-टेट विकत घेतली आणि अमेरिकी न्याय खात्याच्या आग्रहाने भाषेवर हक्क न सांगण्याचे मान्य केले. १९९२ मध्ये नँटकेट ही कॉम्प्युटर असोशिएट्सकडे आणि फॉक्स सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टकडे गेली. अवघ्या दोन वर्षांत तिन्ही प्रमुख कंपन्यांचे मालक बदलले. क्लिपरची नवी आवृत्ती १९९० च्या दशकानंतर निघाली नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी व अखेरची आवृत्ती २००४ मध्ये आली, आणि तिचे साहाय्य जानेवारी २०१५ मध्ये संपले. कंपनी लहान होती म्हणून कंपायलर बंद पडला असे म्हणावे, तर मायक्रोसॉफ्टच्या पदरी असलेला फॉक्सप्रोही वाचला नाही.

फाइल उरली, मूळ गेले

कंपायलर बंद पडला म्हणून त्याने तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ती कित्येक वर्षे चालत राहते, आणि तेथेच फसगत होते. क्लिपरच्या फाइली या डॉसच्या १६ बिटी पद्धतीच्या आहेत. ६४ बिटी विंडोज त्या चालवीत नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात मिळते, आणि ३२ बिटी आवृत्ती उपलब्ध असलेल्या विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. जुना संगणक बिघडला व नवा आला, की आज्ञावली उघडतच नाही. डॉसबॉक्ससारख्या अनुकारी प्रणालीत ती चालविता येते. परंतु हा तात्पुरता टेकू आहे आणि त्यात छपाई नीट बसविणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

जुन्या कंपायलरांबरोबर येणारे तयार भाग कसे दगा देतात याचे टर्बो पास्कल हे प्रसिद्ध उदाहरण आहे. पडद्यावरील लेखनासाठी असलेला त्याचा एक भाग आज्ञावली सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजत असे. संगणक फार वेगवान झाले तेव्हा हे गणित कोलमडले, आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञावली नव्या यंत्रावर ‘चूक क्रमांक २००’ दाखवून पहिल्याच क्षणी थांबू लागल्या. लिहिणाऱ्याची त्यात काहीही चूक नव्हती. ज्यांच्याकडे मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, होता त्यांनी तो भाग बदलून आज्ञावली पुन्हा कंपाइल केली आणि प्रश्न मिटला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना यंत्र मुद्दाम हळू चालविणे किंवा तयार फाइलीला ठिगळ लावणे, एवढेच मार्ग राहिले.

म्हणून आज्ञावली विकत घेताना ईएक्सई फाइलीबरोबर ‘पीआरजी’ प्रकारच्या मूळ फाइली घेणे ही उपचाराची गोष्ट नाही. मूळ हाती असेल तर कंपायलर मेला तरी आज्ञावली दुसऱ्या कंपायलरने जिवंत करता येते. क्लिपरच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलेही आहे. त्याविषयी पुढे पाहू.

डीबीएफची घडण

सुदैवाने या परिवाराची नोंदींची फाइल, म्हणजे ‘डीबीएफ’, अतिशय साधी आहे. आरंभी शीर्षभाग असतो. त्यात एकूण नोंदी किती, प्रत्येक नोंदीची लांबी किती आणि कोणते रकाने आहेत हे दिलेले असते. एका रकान्याचे वर्णन ३२ बाइटांत बसते आणि रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे नसते. त्यापुढे नोंदी एकामागून एक, समान लांबीच्या, जवळजवळ उघड्या मजकुरात असतात. आकडेसुद्धा अंकांच्या रूपातच लिहिलेले असतात. त्यामुळे आज्ञावली हरवली तरी लिबरऑफिससारख्या मोफत साधनाने डीबीएफ उघडता येते. चाळीस वर्षांनीही ही फाइल वाचता येते याचे श्रेय कोणत्याही कंपनीला नसून या साधेपणाला आहे.

साधेपणाबरोबर काही खाचा येतात. प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक बाइट राखलेला असतो. नोंद रद्द केली की तेथे केवळ तारांकन पडते. ‘पॅक’ ही आज्ञा दिल्याशिवाय नोंद प्रत्यक्षात निघत नाही. नव्या प्रणालीत नोंदी उतरविणाऱ्याने या तारांकनाकडे दुर्लक्ष केले, तर दहा वर्षांपूर्वी पाडलेली घरे कर यादीत पुन्हा उभी राहतात आणि त्यांच्यावर थकबाकी निघते. अनुक्रमणिकेच्या फाइली तर प्रत्येक कंपायलरच्या निराळ्या आहेत. क्लिपरची ‘एनटीएक्स’, फॉक्सची ‘सीडीएक्स’, डीबेसची ‘एनडीएक्स’. एका आज्ञावलीने नोंद घातली आणि दुसरीची अनुक्रमणिका तशीच राहिली, तर नोंद फाइलीत असूनही शोधल्यास सापडत नाही. नोंद कुलूपबंद करण्याची पद्धतही एकसारखी नाही. म्हणून दोन निरनिराळ्या कंपायलरांच्या आज्ञावलींना एकाच फाइलीत एकाच वेळी लिहू देणे धोक्याचे आहे.

भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना आणखी एक दोष ठाऊक असेल. नोंद लिहीत असताना वीज गेली, तर शीर्षभागातील नोंदींची संख्या एक आणि प्रत्यक्षातील दुसरीच, असे होऊ शकते. अर्धवट व्यवहार आपोआप मागे फिरविण्याची सोय डीबीएफमध्ये नाही.

मराठी नावांचा प्रश्न

परदेशी पुस्तकांत ज्याचा उल्लेखही सापडत नाही असा हा भाग महाराष्ट्रातील कार्यालयांना सर्वांत अधिक छळतो. १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक संस्था स्थापन झाली. तिने प्रसारित केलेल्या जिस्ट तंत्रामुळे डॉसवरील आज्ञावलींतही देवनागरी अक्षरे उमटू लागली. त्यामागील इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. इस्कीमध्ये प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला व अनुस्वाराला एक बाइट लागतो. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रकारात तेवढ्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पिंपळगाव बसवंत’ हे गावाचे नाव मधल्या रिकाम्या जागेसह इस्कीमध्ये १४ बाइटांत मावते. यूटीएफ-८ मध्ये त्याला ४० बाइट लागतात. जुन्या फाइलीत गावासाठी २० बाइटांचा रकाना असेल आणि तो तसाच ठेवून रूपांतर केले, तर नाव अर्ध्यावर तुटते. इतकेच नव्हे, तर तुटण्याची जागा एखाद्या अक्षराच्या पोटात येते आणि शेवटी निरर्थक चिन्ह उरते.

इस्कीतील नोंदी निदान नियमाने रूपांतरित करता येतात. केवळ फाँटवर विसंबून भरलेल्या नोंदींची अवस्था याहून वाईट आहे. तेथे अक्षर साठविलेले नसून अक्षराचा आकार साठविलेला असतो. फाँट गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी चिन्हांचा ढिगारा. पहिली वेलांटी छापताना अक्षराच्या आधी येते म्हणून अशा फाइलीत ती आधीच लिहिलेली असते. परिणामी नावे अकारविल्हे लावली की किसन, विठ्ठल आणि शिवाजी ही मंडळी वेलांटीखाली एकत्र जमतात. नवा कंपायलर निवडताना तो यूटीएफ-८ मजकूर कसा हाताळतो, लांबी बाइटांत मोजतो की अक्षरांत, आणि पडद्यावर जोडाक्षरे नीट दाखवितो की नाही, हे प्रश्न म्हणूनच आधी विचारले पाहिजेत.

तारखांविषयी थोडक्यात एवढेच. डीबीएफमध्ये तारीख आठ अंकी, म्हणजे पूर्ण वर्षासह साठविली जाते. घोटाळा होतो तो भरताना. दोन अंकी वर्ष भरले तर क्लिपर ते मूळ स्वरूपात १९०० च्या शतकातील मानतो, आणि २०१२ साली जन्मलेले मूल १९१२ चे होते. यावर ‘सेट इपॉक’ ही आज्ञा देऊन १९३० ही मर्यादा घालण्याचा उपाय पुष्कळांनी केला. तो उपाय २०२९ अखेरपर्यंतच पुरेल. त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे वर्ष ३० असे भरताच ते १९३० होईल. ‘सेट सेंच्युरी ऑन’ करून चार अंकी वर्ष भरण्याची सक्ती करणे हाच यावरील खरा उपाय आहे, आणि जन्मतारखेवर दाखले देणाऱ्या शाळांनी तो आताच करावा.

आजचे पर्याय

जुन्या क्लिपर आज्ञावलीचा मूळ मजकूर हाती असेल तर हार्बर या कंपायलरचा विचार प्रथम करावा. स्पेनमधील अंतोनियो लिनारेस यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. तो विनामूल्य आहे, त्याचा स्वतःचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे, आणि त्याने बनविलेली आज्ञावली वाटण्यास वा विकण्यास परवाना आड येत नाही. क्लिपरच्या पीआरजी फाइली पुष्कळदा किरकोळ बदल करून त्यात चालतात. एनटीएक्स आणि सीडीएक्स या दोन्ही अनुक्रमणिका त्याला समजतात. तो मूळ मजकुराचे सी भाषेत रूपांतर करतो व तेथून विंडोज, लिनक्स किंवा मॅकसाठी ईएक्सई वा तत्सम फाइल बनते. मात्र त्याचा साधा पडदा जुन्या डॉस वळणाचा आहे. खिडक्या व बटणे हवी असल्यास स्वतंत्र लायब्ररी जोडाव्या लागतात, आणि देवनागरीच्या दृष्टीने त्या जोडणे बहुधा अपरिहार्य ठरते.

फॉक्सप्रोमध्ये नवे काम सुरू करण्यात शहाणपण नाही. चालू असलेले काम मूळ मजकुरासह जपावे आणि नोंदी क्रमाने बाहेर काढाव्यात.

अगदी नव्याने आरंभ करावयाचा असेल तर डीबीएफचा मोह सोडावा. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेली एसक्यूलाइट ही प्रणाली सर्व नोंदी एकाच फाइलीत ठेवते, तिला वेगळा सर्व्हर लागत नाही, रकान्याला ठरावीक लांबीचे बंधन नाही, आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट व्यवहार ती स्वतः रद्द करते. ती सार्वजनिक मालकीची आहे. २०५० पर्यंत तिला साहाय्य देण्याचा मनोदय तिच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहिती जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या फाइल प्रकारांत तिचा समावेश केला आहे. सी भाषेतील आज्ञावलीत ती पूर्णपणे बांधून टाकता येते. सी लिहिणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी सहजी मिळत नसेल, तर फ्री पास्कल हा कंपायलर व त्याचे लॅझारस हे साधन अधिक सोयीचे पडते. खिडक्यांची मांडणी त्यात सुलभ आहे, थेट यंत्रभाषेतील फाइल बनते, आणि जुन्या डीबीएफ व नव्या एसक्यूलाइट या दोन्ही फाइली वाचण्याचे घटक त्यात तयार मिळतात. रूपांतराच्या कामात हा गुण फार मोलाचा आहे.

वेगाची तुलना येथे मुद्दाम केलेली नाही. दोन-तीन हजार घरांच्या गावाच्या यादीत वरीलपैकी कोणताही कंपायलर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नोंद काढून देतो. विक्रेते वेगाचे आकडे पुढे करतात, कारण ते दाखविणे सोपे असते.

आज्ञावली ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. मूळ फाइली, कंपायलरची स्थापना फाइल आणि नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन, यापूर्वी ते काम कधीही न झालेल्या दुसऱ्या संगणकावर न्याव्यात आणि लिहिणाऱ्याने तेथे, कार्यालयप्रमुखांसमोर, आज्ञावली पुन्हा कंपाइल करावी. जुन्या व नव्या फाइलीतील नोंदींची संख्या, रद्द नोंदी वगळून, जुळवून पाहावी. थकबाकीची बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. जोडाक्षरे असलेली वीस-पंचवीस लांब नावे कागदी नोंदवहीशी ताडून पाहावीत. एक नोंद भरत असताना संगणकाची वीज मुद्दाम बंद करावी आणि पुन्हा सुरू केल्यावर काय उरले ते पाहावे. शेवटी आज्ञावली बाजूला ठेवून नोंदींची फाइल दुसऱ्या एखाद्या मोफत साधनाने उघडून दाखविण्यास सांगावे. कंपायलरचे नाव, त्याची आवृत्ती आणि कंपाइल करताना दिलेली आज्ञा जशीच्या तशी कागदावर उतरवून तो कागद कार्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीबरोबर ठेवावा. या सर्वाला एक दुपार पुरते. देयकावरील सही त्यानंतरची.